बरोबर म्हणण्याआधी

देवखारच्या अणुवीज केंद्रात कुणी कुणाला नुसतं काम सांगून मोकळं होत नाही. सांगणाऱ्याने सांगायचं, ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं आणि मग सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. ते ‘बरोबर’ कानावर पडल्याशिवाय बटणाला बोट लागता कामा नये. नव्याने रुजू झालेल्यांना सुरुवातीला हा शाळकरी प्रकार वाटतो. पण वर्षभरात तो अंगात असा मुरतो की ही मंडळी कॉलनीच्या बाजारात मासेवालीकडूनही ‘दोन पापलेटं, कापून’ असं परत म्हणवून घेतात आणि ती बाई कपाळावर हात मारते.

हर्षदा आणि निनाद वायंगणकर यांच्या घरात तर विचारूच नका. ती म्हणायची, “गॅस बारीक कर.” तो म्हणायचा, “गॅस बारीक करतो.” ती म्हणायची, “बरोबर.” सासूबाई चार दिवस राहायला आल्या की वैतागून संध्याकाळी देवळात जाऊन बसायच्या.

हर्षदा युनिट दोनची शिफ्ट इनचार्ज होती. निनाद प्रशिक्षण केंद्रात शिक्षक होता. तिथे खऱ्या कंट्रोल रूमची हुबेहूब नक्कल उभी केलेली आहे, तिला सिम्युलेटर म्हणतात. दिवे तेच, बटणं तीच, फक्त मागे अणुभट्टी नाही. ऑपरेटरांनी तिथे बसायचं आणि निनादने काचेमागून एकेक बिघाड सोडायचा. थोडक्यात, हा गृहस्थ लग्नाआधीपासून तिच्या वाटेत संकटं टाकत आला होता आणि वर त्याचा पगार घेत होता.

गेल्या काही वर्षांत त्याच्या खात्यात एक नवी चीज आली होती. तिचं कागदावरचं नाव भलतंच लांब होतं, म्हणून सगळे तिला ‘छाया’ म्हणत. सिम्युलेटरवर बसलेल्या माणसाची नजर कुठे जाते, हात कुठे थबकतो, तो कधी काय बोलतो, हे सगळं यंत्र टिपून घ्यायचं. अशी शेकडो सत्रं चाळून ते त्या माणसाची एक प्रतिकृती बनवायचं. ‘असं असं झालं तर ही व्यक्ती पुढे काय करेल?’ असं छायेला विचारलं की ती उत्तर द्यायची, आणि बहुतेक वेळा ते अचूक असायचं. हेतू चांगलाच होता. माणूस कुठे चुकेल ते अपघाताआधी कळावं आणि तेवढंच त्याच्याकडून घोटून घ्यावं. हर्षदाच्या शिफ्टमधला इम्तियाज मुकादम घाईत असला की डावीकडचा फलक बघायचा विसरतो, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं ते छायेने शोधून काढलं होतं.

हर्षदाची छाया ही निनादची सगळ्यात देखणी कामगिरी. “तुझ्या छायेला विचारलं,” तो चिडवायचा, “ती म्हणाली, आज तू आमटीला नावं ठेवणार.” आणि ती नेमकी ठेवायची.

नियमाप्रमाणे छाया प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीबाहेर न्यायला सक्त मनाई होती. निनादने नेल्या, सोबत परीक्षेतले प्रसंगही. एका परिषदेत निबंध वाचायचा होता, काम उरकत नव्हतं, आणि मग जेवणाच्या टेबलावर, घरच्याच इंटरनेटवर, लॅपटॉप उघडून बसणं सुरू झालं. “हे घरी कसं?” हर्षदाने पहिल्याच दिवशी विचारलं. “दोन दिवसांचा प्रश्न आहे, लगेच परत नेतो,” तो म्हणाला. परिषद झाली, पाठ थोपटली गेली, लॅपटॉप मात्र घरीच राहिला. तिने आणखी एकदा टोकलं आणि मग सोडून दिलं. नवऱ्याला किती वेळा टोकायचं, हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नसतं.

त्या दिवशी मे महिन्यातली रणरणती दुपार होती. राज्यभर एसी घरघरत होते आणि प्रत्येक वीज केंद्र जीव तोडून चालत होतं. कंट्रोल रूममध्ये हर्षदा मधल्या टेबलाशी, अणुभट्टीच्या फलकासमोर इम्तियाज आणि टर्बाइनच्या फलकासमोर जयवंत रावराणे. वर छतात ‘लेखनिक’ची जाळी. लेखनिक म्हणजे खोलीतलं बोलणं ऐकून शिफ्टची नोंद आपोआप लिहिणारं यंत्र. ते आल्यापासून जयवंतचं अक्षर कुणाला वाचावं लागत नव्हतं आणि यात सगळ्यांचंच भलं होतं.

आधी समुद्राचं पाणी खेचणारा एक पंप थांबला. हर्षदाने राखीव पंप चालू करायला सांगितलं, जयवंतने परत म्हणून दाखवलं, ती ‘बरोबर’ म्हणाली, पंप सुरू झाला. मग मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे पंखे बंद पडले. तेही निस्तरलं. मग पडद्यांची एक ओळ काळी झाली. तीही मार्गी लागली. मग खोलीचं वातानुकूलन बसलं आणि इम्तियाजने कॉलरचं बटण सोडलं.

“काय मॅडम, आज सगळ्यांनी ठरवून रजा टाकलीय काय?”

“टाकू देत,” जयवंत खुशीत म्हणाला. “आपण एकेकाला निकालात काढतोय ना? असा दिवस सिम्युलेटरवर आला असता तर पैकीच्या पैकी मार्क.”

तो सहज बोलून गेला, पण हर्षदाच्या मनात ते रुतलं. सगळं फारच नीट चाललं होतं. तिने खरे वाईट दिवस पाहिले होते. अशा दिवशी तीन गजर एकदम बोंबलतात, फोन वाजतो, निम्मं वाक्य तोंडातच राहतं आणि कुणीतरी कुणावर तरी खेकसतं. बिघाडांना रांगेत उभं राहायची सवय नसते. आजचे मात्र मागचा उरकेपर्यंत दाराबाहेर थांबत होते. तिचं वाक्य पुरं होऊ देत होते.

इतकी अदब तिने एकाच ठिकाणी पाहिली होती, सिम्युलेटरवर. निनाद काचेमागे बसून तिच्या ‘बरोबर’ची वाट पाहायचा आणि मगच पुढची कळ दाबायचा, कारण वाक्य पुरं झाल्याशिवाय मार्क देता येत नाहीत. सगळे शिक्षक तसंच करायचे. ती निनादला हसायची, “संकटं सोडतोस की पंगतीत वाढतोस?”

तिने एक गोष्ट करून पाहायचं ठरवलं.

“इम्तियाज, वातानुकूलनाचा राखीव पंखा चालू कर.”

“वातानुकूलनाचा राखीव पंखा चालू करतो.”

हर्षदा काहीच बोलली नाही. इम्तियाजचं बोट हवेत थांबलं. त्याने वळून पाहिलं. तिने डोळ्यांनीच ‘थांब’ म्हटलं. फलक शांत होते. जयवंतने घसा खाकरला तेवढाच आवाज झाला. इतक्या भराभर कोसळणारं युनिट आता आज्ञाधारकपणे गप्प बसून होतं, आणि ते गप्प बसणं हर्षदाला कुठल्याही गजरापेक्षा भयंकर वाटलं.

“बरोबर,” ती स्वच्छ आवाजात म्हणाली.

इम्तियाजचं बोट बटणापर्यंत पोचलंही नव्हतं, तोच मागच्या फलकावर लाल दिवा लागला. आवारातलं आणीबाणीचं डिझेल जनित्र कुणीही न सांगता सुरू झालं होतं.

हर्षदाने ओठांवर बोट ठेवलं, खुर्ची ओढली, वर चढली आणि लेखनिकची तार हिसडून काढली. इम्तियाज आणि जयवंत आ वासून बघत राहिले.

“कुणीतरी आपलं ऐकतंय,” ती खाली उतरत म्हणाली. “लेखनिकच्या कानांनी. मी ‘बरोबर’ म्हटलं की पुढचा बिघाड येतो. यंत्रं बिघडत नाहीयेत, कुणीतरी ती बिघडवतंय. आता मोहोरबंद पेटीशिवाय कुणी ऐकत नाही.”

मोहोरबंद पेटी म्हणजे विमानात असते तशी. बाहेरच्या कुठल्याच जाळ्याला न जोडलेली. ती बंद करता येत नाही आणि तिच्यात गेलेला शब्द परत घेता येत नाही.

“इम्तियाज, भट्टी ट्रिप कर.”

“भट्टी ट्रिप करतो.”

“बरोबर.”

लाल मूठ खाली आली. भट्टीत शोषक दांडे सरसरत उतरले, आकडे घसरले. “दांडे आत. शक्ती उतरली,” इम्तियाजने सांगितलं. लगेच राज्यभरच्या विजेचं वाटप बघणाऱ्या वीजभार केंद्राचा फोन खणखणला. भर उन्हाळ्यात, भर दुपारी हे काय चालवलंय तुम्ही, असा त्याचा एकूण सूर होता. हर्षदाने “सुरक्षेसाठी बंद केलंय, कारण नंतर,” एवढंच सांगून फोन ठेवला. शंका आली की आधी बंद करायचं, हिशेब मागून द्यायचा, यात तिला कधी दुमत नव्हतं.

पण अणुभट्टी बंद केली म्हणजे सुटलो असं होत नाही. अणूंचं फुटणं थांबतं, पण फुटून झालेले तुकडे स्वतःच उष्णता सोडत राहतात. सुरुवातीला ती पूर्ण शक्तीच्या शंभरातले सहा-सात भाग असते, मग हळूहळू उतरते. चूल विझवली तरी निखाऱ्यांवर दूध उतू जातंच. म्हणून बंद भट्टीतूनही पाणी खेळतं ठेवावंच लागतं. भट्टी बंद करणारी यंत्रणा स्वतंत्र तारांवर चालते, तिच्यात बाहेरून कुणाचा शिरकाव नाही. म्हणजे ज्या कुणी हा उद्योग आरंभला होता, त्याला भट्टी बंद झाल्यानंतरच्या वेळेत रस होता. त्या वेळी सगळी भिस्त पंपांवर असते आणि पंप माणसं चालवतात.

तेवढ्यात वास आला. डिझेलचा धूर झरोक्यातून आत येऊ लागला होता. जनित्र आपोआप सुरू झालं होतं आणि हवा आत घेणारी झडप त्याच्या धुराड्याकडे उघडली गेली होती. धूर खराखुरा होता. जयवंतचे डोळे चुरचुरायला लागले.

“मॅडम, धूर म्हणजे पर्यायी कक्ष,” तो म्हणाला. “चावी काढू?”

नियम तसाच होता. कंट्रोल रूममध्ये धूर आला की भट्टी ट्रिप करायची, ताबाबदलाची चावी फिरवायची आणि तळमजल्यावरच्या पर्यायी कक्षातून पंप सांभाळायचे. चावी फिरली की या खोलीतली बटणं मेली आणि त्या खोलीतली जिवंत झाली. हर्षदा हे सगळ्या केंद्रात सर्वांत चटकन करायची. समुद्राचा पंप, ट्रान्सफॉर्मर, पडदे, हवा, धूर, चावी. निनादच्या परीक्षेतल्या कितीतरी प्रसंगांपैकी हा एक होता, याच क्रमाने. धूर आल्यावर तिला तो ओळखू आला, आणि ती त्यात दर वेळी पहिली यायची.

हे करणाऱ्यांनी तिची चूक हेरलीच नव्हती. तिचा हातखंडा हेरला होता, ती चटकन चावी फिरवेल हेच धरून. आणि तो कुठून उचलला, तेही तिला आता दिसत होतं. तिच्याच जेवणाच्या टेबलावरून.

“चावी नाही. पर्यायी कक्षात कुणी जायचं नाही,” ती म्हणाली. “मुखवटे चढवा.”

कंट्रोल रूममध्ये अशा वेळेसाठी हवेच्या नळकांड्यांना जोडलेले मुखवटे असतात. जयवंतला तिने जिन्याजवळची झडप हाताने चाक फिरवून बंद करायला धाडलं. त्याने परत म्हणून दाखवलं, तिने ‘बरोबर’ म्हटलं, तो धावला. इम्तियाज एकेक पंप तपासत होता. हे सगळं ती निनादचं नाव न घेता करू शकत होती. ‘मला संशय आला,’ एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. पेटीला कारण लागत नाही. नवऱ्याची नोकरी, त्याचं नाव, काचेमागची ती खुर्ची, सगळं शाबूत राहिलं असतं.

पण त्या लॅपटॉपवर तिची एकटीची छाया होती काय? शेजारी युनिट एक होतं, पलीकडे तीन होतं. तिथेही माणसं ‘बरोबर’ म्हणत असतील. तिला रडू फुटेल असं वाटलं, निनादचा इतका राग आला आणि त्याच दमात त्याची इतकी कीव आली. तिने मुखवटा कपाळावर सरकवला आणि प्रशिक्षण केंद्राच्या थेट तारेचा फोन उचलला.

“बोल गं,” निनाद म्हणाला. “आज भर दुपारी आठवण?”

“मी युनिट दोनची शिफ्ट इनचार्ज बोलतेय. हे बोलणं मोहोरबंद पेटीत जातंय.”

“बोला,” तो म्हणाला.

“तुमच्या परीक्षेतला समुद्रपंपापासून धुरापर्यंतचा प्रसंग इथे खरा घडतोय. तो प्रसंग आणि माझी छाया आमच्या घरच्या लॅपटॉपवर आहे. ती मी पाहिली आहे आणि कळवलेली नाही. आणखी कुणाकुणाच्या छाया त्यावर आहेत?”

इम्तियाजची मान गर्रकन वळली. हर्षदा भिंतीकडे बघत राहिली. ‘कसला लॅपटॉप?’ एवढं निनादने म्हटलं असतं तर निदान आजचा दिवस त्याला वाचवता आला असता.

“सगळ्या इनचार्जांच्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “तिन्ही युनिटं.”

“चावी फिरवल्यावर पुढे काय आहे?”

“तो भाग तू अजून पाहिलेला नाहीस. पुढच्या महिन्यात घेणार होतो. पर्यायी कक्षातल्या पडद्यावर मी पंप चालू दाखवतो आणि प्रत्यक्षात बंद करतो. दोन्हींत ताळमेळ नाही, हे ओळखायची परीक्षा आहे.” तो थांबला. “हर्षदा, खोली सोडू नकोस.”

“खोली सोडत नाही.”

“बरोबर,” निनाद म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

तिने फोन आपटला आणि लगेच दुसरा उचलला. युनिट एकमध्ये नुकतेच पंखे बंद पडले होते. तिथले इनचार्ज तिचं ऐकून शिव्या हासडत खुर्चीवर चढले आणि लेखनिकची तार तोडली. युनिट तीनमध्ये बराच वेळ कुणी फोन उचलेना. शेवटी उचलला तो खोकत. तिथे धूर शिरला होता आणि इनचार्ज चावी हातात घेऊन दाराशी उभे होते.

“चावी परत ठेवा,” हर्षदा म्हणाली. “पर्यायी कक्ष त्यांच्या ताब्यात आहे.”

“चावी परत ठेवतो,” ते खोकत म्हणाले. “पर्यायी कक्ष वापरत नाही.”

“बरोबर.”

जयवंत परतला तेव्हा तोंडावर काजळी होती आणि हाताचं सालपट निघालं होतं, पण झडप बंद झाली होती. धूर विरत गेला. संध्याकाळपर्यंत तिन्ही युनिटं बंद होऊन थंड पाण्यावर निवांत झाली. सुरक्षा पथकाने पर्यायी कक्षांच्या तारा कापल्या. तिथल्या यंत्रांत घुसखोरी सापडली ती निनादने सांगितली तशीच, फक्त त्यात मार्क द्यायला कुणी बसलेलं नव्हतं. पथकाच्या प्रमुखांनी सहज म्हणून हर्षदाच्या छायेला दुपारचा सगळा प्रसंग घालून विचारलं. छायेचं उत्तर ठाम होतं. ती चावी फिरवणार.

“छाया खोटं बोलत नाही हो,” इम्तियाज त्यांना म्हणाला. “ती परीक्षेला बसलेल्या मॅडमची आहे. परीक्षेत माणूस परीक्षकावर भरवसा टाकतो.”

हर्षदा घरी आली तेव्हा लॅपटॉप पथकाने नेलेला होता. निनादला कामावरून दूर केल्याचा आदेशही येऊन पडला होता. तिचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला होता. पाहिलं आणि कळवलं नाही, हे तिने स्वतःच पेटीत घातलं होतं. निनादने भात लावला होता, आमटी केली होती. दोघांनी ताटं घेतली.

“एक विचारू?” तो म्हणाला. “मी फोनवर नाही म्हटलं असतं तर? माझ्याकडे असलं काही नाही, असं?”

त्याचा चेहरा उतरला होता आणि त्याला कसलातरी आधार हवा होता, हे तिला दिसत होतं. तो देणं अगदी सोपं होतं.

“तरी खोली सोडली नसती,” ती म्हणाली. “आणि त्या दोघांना फोनही केले असते.”

“म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नसतास.”

“नाही.”

त्याने ताट बाजूला सारलं.

“त्या खुर्चीत बसलं की मी कुणावरच विश्वास ठेवत नाही, निनाद. पडद्यावर नाही, नियमावर नाही, माझ्या हातावरसुद्धा नाही. दिवसभर असं जगायचं म्हणजे माणूस वेडा होईल. मी होत नाही, कारण संध्याकाळी इथे येते. इथे मला काही तपासून बघावं लागत नाही.” तिने हातातला घास ताटात परत ठेवला. “ते तू घालवलंस, त्याचा मला राग आहे. नोकरीचा नाही.”

निनादने डोळे पुसले. मग उठला, तिच्या भातावर आमटी वाढली आणि समोर बसला.

“मी नाही म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस, हे चौकशी समिती तुला विचारणारच,” तो म्हणाला. “मला सांभाळून घ्यायला जाऊ नकोस. आत्ता बोललीस तसंच बोल, सगळं.”

“तुला कायमचं काढतील.”

“काढतील,” तो म्हणाला. “जेव आता. गार होतंय.”